कंपवाताची गोळी : जोडीदाराच्या मनातली भीती आणि खरी माहिती

कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, गोळी डॉक्टर लिहून देतात. पण ती दिवसातून तीन-चार वेळा हातावर ठेवायचे काम घरातल्या जोडीदाराचे असते. बहुतेक घरांत ती पत्नी असते, काही घरांत पती. गोळी दिल्यावर काय होते तेही पहिल्यांदा त्यांनाच दिसते. मळमळ होते, उठताना चक्कर येते, दिवसा झोप लागते, काही वर्षांनी अंग आपोआप हलू लागते. मग मनात प्रश्न येतो : हा त्रास आजाराचा की गोळीचा?

विचारायचे कोणाला? मेंदूविकाराचे डॉक्टर पुण्यात आणि घर जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात. जुन्नरहून पुणे सुमारे ९५ किलोमीटर. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला किंवा भीमाशंकरच्या बाजूला राहणाऱ्यांचा तर जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे निर्णय घरातच होतो. "आज अर्धीच देते." "दोन दिवस बंद ठेवून बघू."

हा लेख अशा जोडीदारांसाठी आहे. तुमची भीती खोटी नाही. या औषधांचे काही दुष्परिणाम खरे आहेत आणि ते घरातल्या माणसाला माहीत असलेच पाहिजेत. मात्र भीतीपोटी गोळी कमी केली किंवा लाजेपोटी त्रास लपवला, तर दोन्ही वेळा नुकसान रुग्णाचेच होते. जे दिसते ते लिहून ठेवायचे आणि डॉक्टरांपुढे मांडायचे, हा तिसरा मार्ग आहे. तोच आम्ही येथे सांगत आहोत.

गोळी नेमके काय करते?

मेंदूच्या आत खोलवर काळसर रंगाचा एक लहान भाग असतो. तेथील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. शरीराची हालचाल सहज व्हावी यासाठी ते लागते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. त्यामुळे हात थरथरतो, अंग ताठ होते, चाल मंदावते, आवाज बारीक होतो, अक्षर लहान होत जाते. हा आजार म्हणजे लकवा नव्हे. लकवा मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून एकाएकी येतो. कंपवात वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन लिहिले, म्हणून आजाराला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन्स दिन आहे. आपण महात्मा फुले जयंती साजरी करतो तोच हा दिवस.

डोपामिन थेट गोळीतून दिले तर ते मेंदूत पोहोचत नाही. लेव्होडोपा मात्र पोहोचते आणि तेथे गेल्यावर त्याचे डोपामिन होते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांवर एक प्रयोग केला. आपल्याकडच्या सर्पगंधा वनस्पतीपासून मिळणारे रिसर्पिन दिल्यावर ससे निपचित पडले. लेव्होडोपा टोचल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनवरील संशोधनासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी रुग्णांना लेव्होडोपा तोंडाने, थोडे थोडे वाढवत दिले आणि मोठा फरक दिसला. पुढे त्यात कार्बिडोपा मिसळले गेले. लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामिन होऊन जाणे कार्बिडोपा रोखते, त्यामुळे मळमळ कमी होते आणि कमी औषधात काम भागते. आपल्याकडे सिंडोपा या नावाने मिळणारी गोळी म्हणजे हीच जोडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

ही गोळी आजार बरा करत नाही. काही तासांसाठी उणीव भरून काढते. तेवढ्या तासांत माणूस स्वतःच्या हाताने जेवतो, अंघोळ करतो, गल्लीत फिरून येतो. म्हणून तिची वेळ महत्त्वाची.

सुरुवातीचे त्रास

मळमळ आणि उलटी हा सर्वात आधी दिसणारा त्रास. शरीराला सवय होईल तसा तो बहुधा कमी होतो. कोत्झियास यांची युक्ती, म्हणजे थोड्यापासून सुरुवात करून सावकाश वाढवणे, डॉक्टर आजही वापरतात. सुरुवातीच्या दिवसांत गोळीबरोबर अर्धी भाकरी, पोहे किंवा दोन बिस्किटे दिली तरी चालतात. त्यानेही थांबले नाही तर डॉक्टरांना सांगावे.

येथे एक धोक्याची सूचना. उलटी होते म्हणून जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतले जाते, चक्कर येते म्हणून मेडिकलमधून गोळी आणली जाते. त्यांतली काही औषधे मेंदूत डोपामिनचेच काम अडवतात आणि कंपवात वाढवतात. मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म), प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), सिनॅरिझिन (स्टुजेरॉन), फ्लुनारिझिन ही त्यांतली नेहमी दिली जाणारी नावे. ही नावे कागदावर लिहून औषधांच्या डब्याला चिकटवा. कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर "यांना कंपवात आहे, सिंडोपा चालू आहे" हे पहिले वाक्य असू द्या.

उठताना चक्कर येणे हा दुसरा त्रास. बसलेले किंवा झोपलेले माणूस उभे राहिले की रक्तदाब एकदम खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ते पडते. आजारानेही असे होते, गोळीनेही होते, आणि रक्तदाबाची जुनी गोळी चालू असेल तर जास्त होते. त्यामुळे ती गोळी पुन्हा तपासून घ्यावी. विहारात वंदनेनंतर जमिनीवरून उठताना घाई करू देऊ नका. शक्य असेल तर खुर्ची द्या. पहाटे खाटेवर दोन मिनिटे बसवून, पाय खाली सोडून मगच उभे करा. रात्री लघवीला उठणे तर आपल्या भागात दुहेरी धोक्याचे : अंधारात पडण्याची भीती आणि अंगणात बिबट्याची. खाटेजवळ भांडे ठेवा आणि रात्री एक दिवा जळत राहू द्या.

लघवी, घाम किंवा लाळ तांबूस-काळपट दिसली तर घाबरू नका. लेव्होडोपामुळे रंग बदलतो, कपड्याला डाग पडतो. अपाय होत नाही. मात्र लघवी करताना जळजळ, ताप किंवा रक्त असेल तर तो वेगळा आजार समजून तपासणी करावी.

बद्धकोष्ठता, वास न येणे, उदास राहणे, झोपेत ओरडणे आणि हातपाय झाडणे ही लक्षणे बहुधा आजाराचीच असतात. काही रुग्णांत ती हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेली असतात. "गोळी चालू केल्यापासून हे सगळं लागलं" असे वाटते तेव्हा जरा मागे जाऊन आठवावे.

"गोळी पुढच्यासाठी राखून ठेवू"

आम्हाला सर्वात जास्त भेटणारी समजूत ही आहे. लेव्होडोपा चार-पाच वर्षेच चालते, मग अंग हलू लागते, म्हणून जितके उशिरा सुरू करू तितके बरे, असे लोक म्हणतात. काही काळ डॉक्टरांमध्येही असे मत होते. पण ते तपासले गेले आहे.

आफ्रिकेतील घाना देशात औषध मिळणे अवघड असल्याने अनेक रुग्णांना लेव्होडोपा उशिरा सुरू झाले. तेथील आणि इटलीतील रुग्णांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घानात आजार सुरू झाल्यापासून सरासरी ४.२ वर्षांनी गोळी मिळाली होती, इटलीत २.४ वर्षांनी. तरीही अंग आपोआप हलण्याचा त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षांत सुरू झाला. म्हणजे हा त्रास गोळी किती वर्षे घेतली यापेक्षा आजार किती पुढे गेला आणि एकूण मात्रा किती आहे यावर अधिक अवलंबून असतो. घानातील रुग्णांनी गोळी वाचवली असे म्हणता येत नाही. त्यांची चालती-फिरती दोन वर्षे मात्र गेली.

नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गोळी लगेच दिली, निम्म्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या आजारात लक्षणीय फरक नव्हता. लवकर दिल्याने आजार थांबला नाही, तसा वाढलाही नाही. म्हणून रोजची कामे अडू लागली की गोळी सुरू करण्यात कचरू नये. सुरू कधी करायची आणि किती द्यायची ते डॉक्टर रुग्णाचे वय व काम पाहून ठरवतील.

काही वर्षांनंतरचे बदल

सुरुवातीला मेंदूतल्या उरलेल्या पेशी घरातल्या मोठ्या टाकीसारखे काम करतात. सकाळी पाणी भरले की दिवसभर पुरते. आजार वाढला की टाकीचा हंडा होतो. मग गोळी दोन-तीन तासांतच उतरते, पुढच्या गोळीआधी माणूस ताठ होते, पाय जमिनीला चिकटतात. याउलट गोळी ऐन भरात असताना डोके, मान, हातपाय वेडेवाकडे डोलतात. हे डोलणे आणि कंप यांत फरक आहे. कंप एका लयीत होतो आणि बहुधा हात स्वस्थ ठेवल्यावर दिसतो. डोलणे लय नसलेले, नाचल्यासारखे असते.

अंग डोलताना पाहून जोडीदाराला धसका बसतो. रुग्णाला मात्र पुष्कळदा ताठ पडून राहण्यापेक्षा ते बरे वाटते. म्हणून आधी त्यांना विचारा : "तुम्हाला याचा त्रास होतो का?" त्रास होत असेल तर डॉक्टर एका वेळची मात्रा कमी करून वेळा वाढवतात, सावकाश विरघळणारी गोळी देतात किंवा अमॅन्टाडिन जोडतात. अमॅन्टाडिनने पायाला सूज येऊ शकते आणि कातडीवर जाळीसारखे डाग दिसू शकतात, हेही लक्षात ठेवा. सावकाश विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून देऊ नये. तिचे सगळे औषध एकदम सुटते.

गोळी लागू पडत नाही असे वाटले तर आधी ताट पाहा. दूध, डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिने आणि लेव्होडोपा शरीरात एकाच वाटेने जातात आणि गर्दी होते. म्हणून मळमळीचे दिवस सरल्यावर गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासा-दीड तासाने, पाण्याबरोबर द्यावी. दुधाच्या पेल्याबरोबर देऊ नये. डाळ-अंडी बंद करण्याची मात्र गरज नाही. अशक्त माणसाचे त्याने नुकसानच होईल. रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

बोलायला लाज वाटते असे दुष्परिणाम

प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामिनसारखे काम करणारी दुसरी औषधे आहेत. ती उपयोगी आहेत, पण काही रुग्णांत त्यांनी मनाचा लगाम सैल होतो. कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस मटका किंवा मोबाइलवरची रमी खेळू लागतो, लपून पैसे उडवतो, न थांबता खात राहतो, सारखी खरेदी करतो किंवा पत्नीच्या इच्छेविरुद्ध शरीरसंबंधाचा हट्ट धरतो. अमेरिका व कॅनडातील ३०९० रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या गटातील औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत असे वर्तन आढळले. न घेणाऱ्यांत ६.९ टक्के.

भगिनींनो, हे उतारवयात बिघडलेले चारित्र्य नाही आणि ते मुकाट्याने सोसायचेही नाही. डॉक्टरांना एकांतात सांगा. तोंडाने सांगणे अवघड वाटले तर चिठ्ठीवर लिहून द्या. औषध सावकाश कमी केल्यावर हे वर्तन बहुतेकदा कमी होते. तोवर बँकेचे पासबुक आणि जमिनीचे कागद घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवा.

याच औषधांनी दिवसा अचानक झोप लागू शकते. असे एकदा जरी झाले तरी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर बंद ठेवावा, विहिरीवर मोटार चालू करायला एकट्याने पाठवू नये.

तिसरी गोष्ट भासांची. कोपऱ्यात मुले बसलेली दिसतात, गेलेली माणसे अंगणात उभी दिसतात. भास आजार वाढल्यानेही होतात, औषधानेही होतात. म्हाताऱ्या माणसांत ट्रायहेक्सिफेनिडिल (पॅसिटेन) हे औषध यासाठी विशेष बदनाम आहे. त्याने तोंड कोरडे पडते, लघवी अडते आणि विसराळूपणाही वाढतो. भास एकाएकी सुरू झाले तर लघवीतला संसर्ग, ताप किंवा शरीरातले पाणी कमी होणे हेही कारण असू शकते, म्हणून लगेच तपासणी हवी. भानामती, बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेण्यात जे चार दिवस जातात तेच महत्त्वाचे असतात. आणि भास शांत करायला कोणी हॅलोपेरिडॉल देऊ लागले तर कंपवात आहे हे ठणकावून सांगा. त्याने ताठरता एकदम वाढते.

अचानक बंद करू नका

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : कंपवाताची गोळी घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. तसे केल्यास तीव्र ताठरता, खूप ताप, गोंधळलेपण येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. अशी लक्षणे दिसल्यास ताबडतोब १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नव्या आणाव्यात. ऑपरेशनसाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी दाखल व्हावे लागले तर गोळ्या आणि त्यांच्या वेळांचा कागद बरोबर न्यावा व तेथील डॉक्टरांना दाखवावा.

खाजकुहिलीचे काय?

"आपल्या रानात औषध आहे, मग विकतची गोळी कशाला?" असे विचारले जाते. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखर असते. मद्रासमधील संशोधकांनी १९३७ मध्येच ते वेगळे काढून दाखवले होते. म्हणजेच ती बी खाणे म्हणजे तेच औषध खाणे. मग तिचे दुष्परिणामही तेच. शिवाय चूर्णात औषध किती आहे ते कळत नाही आणि त्यात कार्बिडोपा नसते. गोळीच्या जोडीला चूर्ण दिले तर मात्रा नकळत वाढते. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

वही ठेवा

शंभर पानांची वही पुरेशी आहे. डॉक्टरांना भेटण्याआधी किमान तीन-चार दिवस रोज एवढे लिहा :

१) गोळी कोणती, किती वाजता दिली.
२) जेवण किती वाजता, ताटात काय होते.
३) चांगली हालचाल किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ताठ किती वाजता झाले.
४) अंग डोलणे, चक्कर, पडणे, उलटी, भास, झोप : जे झाले ते, वेळेसह.
५) दुसऱ्या कोणत्या आजाराची औषधे चालू आहेत.

तुम्हाला लिहिता येत नसेल तर हे काम शाळेत जाणाऱ्या नातवंडाला द्या. अंग डोलताना किंवा पाय अडकताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करा. दवाखान्यात पाच मिनिटांत जे दिसत नाही ते त्यात दिसते. त्रास गोळी घेतल्यावर तासाभरात होतो की गोळी उतरताना, एवढे कळले तरी डॉक्टरांना मात्रा वाढवायची की कमी करायची ते ठरवता येते. घरी अंदाजाने केलेली कपात पुष्कळदा नेमकी उलट्या दिशेने होते.

दर वेळी पुणे गाठणे जमत नसेल तर रक्तदाब, लघवीची तपासणी अशा गोष्टी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात करून घेता येतात. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून मोबाइलवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये पार्किन्सन्सचा समावेश आहे. आजार वाढलेल्या रुग्णाने दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. तो हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ अनेक वर्षे काम करत आहे. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. सांभाळणाऱ्यालाही नाव आहे, म्हणजे त्याचाही विचार झाला आहे. रात्र-रात्र जागणाऱ्या, सतत धास्तावलेल्या जोडीदाराला स्वतःची झोप आणि स्वतःची तपासणी हवीच. आठवड्यातून एक दुपार मुलगा, सून, दीर किंवा शेजारीण यांच्याकडे गोळ्यांची वही सोपवा. वेळा लिहिलेल्या असल्या की हे काम दुसऱ्यालाही जमते. मन फारच खचले तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पुढच्या भेटीची तारीख आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली तुमचे तीन प्रश्न. डॉक्टरांसमोर बसल्यावर ते तीनही विचारल्याशिवाय उठू नका.